‘आज ही नेहमीसारखी नाही’ : शंट आणि पाठीच्या गाठीसह वाढणारी मुलं

एका आईने विचारलंय, थोडक्यात असं: “मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जन्मतः कमरेवर उघडी गाठ होती (मेनिंगोमायलोसील). दुसऱ्या दिवशी ती बंद केली. तिसऱ्या आठवड्यात डोक्यात पाणी वाढलं म्हणून शंट बसवला, दीड वर्षाची असताना तो एकदा बदलला. आता शाळेत घालायचंय. कधी घाबरायचं आणि कधी नाही? शंट कधी निघेल का? तिची बुद्धी कशी राहील? दुसऱ्या मुलाचा विचार करावा का?”

ताई, बाकीचे प्रश्न वर्षांचे आहेत. ‘कधी घाबरायचं’ हा मात्र आज रात्रीचाही असू शकतो, म्हणून तो आधी घेते.

त्यासाठी डोक्यात काय चालतं ते दोन मिनिटं समजून घ्या. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात आणि त्यांत नितळ पाणी सतत तयार होत असतं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिलीलीटर. डोकं आणि पाठीचा कणा मिळून एका वेळी असतं मात्र १५० मिलीलीटरच्या आसपास, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनेक वेळा नवं होतं. लहान मुलांत आकडे कमी, हिशेब तोच. हे पाणी अरुंद वाटांनी बाहेर पडतं, मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात शोषलं जातं. वाट अडली तरी तयार होणं थांबत नाही. मोरीला बोळा बसलाय आणि नळ चालूच आहे, अशी गत. कुणाची वाट जन्मतः अरुंद असते, कुणी वेळेआधी जन्मल्यामुळे पोकळीत रक्तस्राव होतो, कुणाला मेंदूज्वर झालेला असतो. तुमच्या मुलीसारख्या बाळांमध्ये मेंदूचा मागचा-खालचा भाग मानेकडे सरकलेला असतो (त्याला किआरी २ म्हणतात) आणि तिथे पाण्याची वाट चेपते. पाठीची गाठ बंद केल्यावर डोकं वाढायला लागलं ते ऑपरेशन बिघडलं म्हणून नव्हे. तुम्ही हे विचारलेलं नाही, पण जवळजवळ प्रत्येक आई हा प्रश्न पोटात घेऊन बसलेली असते.

शंट म्हणजे या पाण्याला काढून दिलेली दुसरी वाट: पोकळीत एक नळी, बहुधा कानामागे व्हॉल्व्ह, तिथून कातडीखालून पोटात उतरणारी लांब नळी. पोटात जास्तीची लांबी सोडलेली असते, त्यामुळे उंची वाढली की दर वेळी नळी बदलावी लागत नाही. यातल्या व्हॉल्व्हची गोष्ट मी नव्या डॉक्टरांना नेहमी सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या जॉन होल्टर या तंत्रज्ञाच्या मुलाला हेच दोन्ही आजार होते, पाठीला गाठ आणि डोक्यात पाणी. बापाने एकाच दिशेने उघडणारा छोटा व्हॉल्व्ह घडवला आणि यूजीन स्पिट्झ या सर्जनने १९५६ साली तो वापरात आणला. आज बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारे व्हॉल्व्ह आहेत, जंतुनाशक औषध मुरवलेल्या नळ्या आहेत. तरी मुळात ती एक बारीक नळी आहे आणि नळी तुंबते. लहान मुलांत पहिल्या वर्षात साधारण ३० ते ४० टक्के शंट बंद पडतात किंवा बदलावे लागतात. तेव्हा साडेतीन वर्षांत एकच बदल म्हणजे नशीब खोटं असं समजू नका.

आता घाबरायचं कधी. टाळू उघडी असते तोवर दाब वाढला की टाळू फुगते, डोक्यावरच्या शिरा दिसू लागतात, बुबुळं खाली वळलेली राहतात आणि डोक्याचा घेर भराभर वाढतो. (तान्ह्या बाळांच्या आयांसाठी: निरोगी बाळाचा घेर पहिले तीन महिने महिन्याला सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने १, मग अर्धा. एकाच टेपने, एकाच माणसाने, भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत उंच भागावरून मोजा.) तुमच्या मुलीची टाळू भरलेली आहे. डोकं आता सैल होऊन दाब सोसणार नाही, त्यामुळे लक्षणं लवकर आणि उघड येतील: डोकेदुखी, विशेषतः पहाटे, जुलाब नसताना पुन्हा पुन्हा उलटी, नवा तिरळेपणा, चाल बिघडणं, फिट, आणि सुस्ती. या यादीत मला सर्वांत जास्त भीती सुस्तीची वाटते. मूल चिडलंय, रडतंय, तर थोडा वेळ आहे. भर दिवसा डोळे मिटतंय, उठवलं की पुन्हा झोपतंय, तर वेळ नाही. सकाळपर्यंत थांबू नका, ‘थोडं झोपू दे’ म्हणू नका, जिथे मेंदूचं ऑपरेशन होऊ शकतं अशा ठिकाणी थेट जा.

अशा यादीत न बसणारं एक लक्षण मला एका आईने शिकवलं, तेही माझ्या चुकीतून.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आई आली. दुपारपासून दोन उलट्या. मुलगा माझ्या टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत बसलेला, डोळे ठीक, डोकं दुखत नाही म्हणाला. सीटी स्कॅन केला. पोकळ्या मोठ्या नव्हत्या. मी पोट बिघडलंय म्हणून औषध लिहून दिलं. आई दारात थबकली आणि म्हणाली, “मॅडम, आज त्याने मोज्यांवरून भांडण केलं नाही.” काय ते विचारलं, तर रोज सकाळी मोज्याची शिवण बोटांवर सरळच आली पाहिजे म्हणून हा घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी गुमान पाय पुढे केले होते. मी हसले आणि त्यांना घरी पाठवलं.

पहाटे तीनला मुलगा परत आला तेव्हा हाक मारून जागा होत नव्हता. वरची नळी तुंबली होती. वेळेत ऑपरेशन झालं म्हणून वाचला, आता माझ्यापेक्षा हातभर उंच आहे. ऑपरेशननंतर मी त्याचा जुना, बऱ्या दिवसांतला सीटी मागवून शेजारी लावला. बरा असताना त्याच्या पोकळ्या चिरेसारख्या बारीक होत्या. संध्याकाळी मला ‘नॉर्मल’ दिसलेल्या पोकळ्या त्याच्यासाठी दुप्पट होत्या. शंट असलेल्या काही मुलांच्या पोकळ्या तर नळी बंद पडली तरी अजिबात फुगत नाहीत.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक केसपेपरवर एक ओळ असते: ‘नेहमीचं’. हे मूल बरं असताना कसं असतं, ते आईच्या शब्दांत. किती वाजता उठतं, कशावरून भांडतं, किती बडबडतं. आणि आई ‘आज ही नेहमीसारखी नाही’ म्हणाली तर तो माझ्या लेखी तपासणीतला एक निष्कर्ष असतो. तुमच्यावर जी वेळ येईल ती बहुधा रात्री येईल, समोर तिला कधीच न पाहिलेला तरुण डॉक्टर असेल. त्याच्या हाती द्यायला तीन गोष्टी तयार ठेवा: बऱ्या दिवसांतल्या सीटी किंवा एमआरआयची सीडी (नुसता छापील रिपोर्ट नव्हे, चित्रं), व्हॉल्व्हचं नाव आणि दाबाचं सेटिंग लिहिलेलं कार्ड, आणि ती ‘नेहमीचं’ची ओळ. “रिपोर्ट नॉर्मल आहे” असं ऐकू आलं की शांतपणे विचारा, “हिच्या जुन्या स्कॅनशी ताडून पाहिलात का?” उद्धटपणा वाटेल ही भीती सोडा.

काही फुटकळ गोष्टी पटकन सांगते. कानामागचा व्हॉल्व्ह दाबून ‘चालतोय का’ पाहू नका. त्यावरून खात्रीचं काही कळत नाही आणि नुकसान होऊ शकतं. ताप आला की दर वेळी शंटच असतो असं नाही. शंटचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत होतो. पुढच्या काळातला सर्दी-खोकल्याचा ताप बहुधा सर्दी-खोकल्याचाच असतो. नळीच्या मार्गावर लाली, सूज, जखमेतून पाणी किंवा तापासोबत पोटदुखी असेल तर मात्र लगेच या. बद्धकोष्ठ हलक्यात घेऊ नका. पोटातला दाब वाढला की पाणी उतरायला अडथळा होतो, आणि शौच साफ झाल्यावर डोकेदुखी गेल्याची मुलं मी पाहिली आहेत. चुंबकाने बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्यायचं, आणि हेडफोन, टॅबलेटचं कव्हर अशा चुंबक असलेल्या वस्तू कानामागे टेकवू द्यायच्या नाहीत. लसी सगळ्या वेळेवर. विमानप्रवास चालतो. उलट प्रकारही लक्षात असू द्या: उभं राहिलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तर शंट गरजेपेक्षा जास्त पाणी ओढत असू शकतो. ही तातडी नसते, पण दाखवायला हवं.

शंट निघेल का? बहुधा नाही. ‘मोठी झाली की काढू’ असं कुणी म्हणालं असेल तर ते दिलासा द्यायला म्हणालं. दुसरा मार्ग म्हणजे दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला भोक पाडून पाण्याला आतल्या आत वाट करून देणं, ईटीव्ही. तो कुणाला लागू पडेल याचा अंदाज घ्यायला एक सोपी बेरीज वापरतात: वयाचे गुण, कारणाचे गुण आणि आधी शंट नसल्यास १०. तुमच्या मुलीचं करून पाहू. एक ते दहा वर्षं वयाला ४०, पाठीच्या गाठीमुळे झालेल्या आजाराला २०, आधी शंट आहे म्हणून शून्य. झाले ६०, म्हणजे सहा महिने टिकण्याची शक्यता अंदाजे ६० टक्के. वाईट नाही, पण चालू शंट काढून हा डाव खेळण्याइतकी चांगलीही नाही. पुढे कधी शंट बंद पडला तर तेव्हा सर्जनला हे जरूर विचारा. आणि ईटीव्ही झालं म्हणजे सुटलो असं नसतं. ते भोक वर्षांनंतरही अचानक बंद होऊ शकतं, तेव्हा वरची घाबरण्याची यादी त्या मुलांनाही तशीच लागू.

आता पाठीकडे. पाठीच्या गाठीसह जन्मलेल्या मुलाचं काहीही बिघडलं की आधी शंट तपासा, हा आमच्या कामातला जुना नियम आहे. पाय कमजोर झाले, गिळताना ठसका लागतो, आवाज बसला, लघवीचं गळणं वाढलं, कणा वाकतोय: सगळ्याचं मूळ वर डोक्यात असू शकतं. शंट ठीक आहे हे ठरल्यावर मग दुसरी शंका, कण्यातली मज्जारज्जू जुन्या जखमेच्या वणाला चिकटून ताणली जातेय का. एमआरआयमध्ये अशा जवळजवळ प्रत्येक मुलाची मज्जारज्जू खाली चिकटलेलीच दिसते, त्यामुळे रिपोर्टातल्या त्या ओळीवर ऑपरेशन ठरत नाही. ते ठरतं ती कालपर्यंत करत होती ते आज करू शकत नाही यावर. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हे जास्त घडतं. म्हणून दर सहा महिन्यांनी तिच्या चालण्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. त्याइतका उपयोगी पुरावा मला क्वचित मिळतो.

सगळ्यांचं लक्ष पायांवर असतं, आयुष्य मात्र किडनीवर बेतलेलं असतं. मूत्राशयाच्या नसा नीट नसतात, तेव्हा ते एक तर पुरतं रिकामं होत नाही किंवा आतल्या आत जास्त दाबाने आवळतं, आणि तो दाब मागे किडनीपर्यंत जातो. यात दुखत काहीच नाही. जुन्या काळी ही मुलं किडनी निकामी होऊन जायची. चित्र बदललं ते १९७२ साली जॅक लॅपिडीस या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांनी मांडलेल्या एका साध्या पद्धतीमुळे: ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. निर्जंतुक नव्हे, स्वच्छ. हात धुवायचे, नळी घालायची, पूर्ण रिकामं करायचं, काढायची. साधारण तीन-चार तासांनी एकदा. पहिले आठ दिवस घरात रडारड होते, मग ते दात घासण्यासारखं होऊन जातं. तुम्ही पत्रात लघवीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. ‘डायपर ओला होतो, म्हणजे होतेय’ असा समज असेल तर कृपया सोनोग्राफी आणि मूत्राशयाच्या दाबाची तपासणी कधी झाली होती ते बघा. शाळेच्या आधी हे मार्गी लागलं पाहिजे, कारण शाळेत मुलं चिडवतात ती कॅलिपरवरून कमी, वासावरून जास्त. साधारण पाच ते सात वर्षांच्या मुली आरशाच्या मदतीने स्वतः नळी घालायला शिकतात.

लॅटेक्स टाळा. वारंवार ऑपरेशन झालेल्या या मुलांना रबराची ॲलर्जी इतरांपेक्षा फार जास्त होते आणि ती जीवघेणी असू शकते. फुगे घरी आणू नका, दात दाखवायला गेलात तरी हातमोज्यांबद्दल आधी सांगा. पायाला संवेदना कमी असेल तर रोज रात्री तळवे बघा. तिला बुटातला खडा कळणार नाही.

चालणं गाठ कोणत्या मणक्यावर होती आणि मांडीच्या पुढच्या स्नायूत किती ताकद आहे यावर ठरेल. लांब अंतरासाठी व्हीलचेअर घेणं म्हणजे हार मानणं, असं वडीलधारे म्हणतील. मला तसं वाटत नाही. वर्गात पोचेपर्यंत दमलेलं मूल शिकणार काय?

बुद्धीबद्दल. शंट असलेली कित्येक मुलं सर्वसाधारण बुद्धीची असतात, पण तिचा पोत वेगळा असतो. बोलणं फर्डं. मोठ्यांचे शब्द, मोठ्यांची वाक्यं, पाहुणे थक्क होतात. मग तिला सांगा, “वही काढ, तारीख घाल, मागच्या पानावरची गणितं उतरव,” आणि ती वही काढून तशीच बसते. बाईंना वाटतं, एवढी बोलणारी मुलगी, म्हणजे आळशी किंवा आगाऊ. ती आळशी नसते. एकामागून एक सूचना धरून ठेवणं, गोष्टींचा क्रम लावणं, जागेचा आणि संख्यांचा अंदाज, लक्ष टिकवणं, हे या मुलांना जड जातं. एका वेळी एकच सूचना द्यायची, फळ्यावरून उतरवायचं काम कमी करायचं, वेळ जास्त द्यायचा. हे बाईंना पहिल्याच दिवशी सांगा, शंटबद्दलही सांगा, आणि सुस्ती-उलटीचा कागद वर्गात राहू द्या. लपवलेल्या शंटने मला आजवर त्रासच दिला आहे. शिकण्याची रीतसर चाचणी सहाव्या-सातव्या वर्षी करून घ्या.

दुसरं मूल: जरूर विचार करा, मात्र आधी तयारी. एका मुलाला पाठीची गाठ असेल तर पुढच्या गरोदरपणात पुन्हा तसं होण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईतो काम झालेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून हवं: तुम्हाला रोज ४ मिलिग्रॅम, इतरांच्या ०.४ मिलिग्रॅमच्या दहापट, शक्यतो तीन महिने आधीपासून ते गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात याच मात्रेने पुन्हा असं मूल होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. पण मल्टिव्हिटामिनच्या दहा गोळ्या गिळून हा हिशेब जुळवू नका. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. फिट्ससाठी व्हॅलप्रोएट घेत असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका. गर्भातच गाठ बंद करण्याची शस्त्रक्रियाही आता काही ठिकाणी होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, २६ आठवड्यांच्या आत हे ऑपरेशन झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात शंट लागला, जन्मानंतर ऑपरेशन झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. बदल्यात वेळेआधी प्रसूती आणि गर्भाशयाची चीर उसवण्याचा धोका आईच्या वाट्याला येतो.

आणि तुम्ही न विचारलेलं शेवटचं: तिला काय सांगायचं. लवकरच ती मानेवरच्या नळीला बोट लावून विचारेल. ‘काही नाही’ म्हणू नका. ‘तुझ्या डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात नेणारी नळी’ एवढं तिला पुरतं. मग दर वर्षी एक वाक्य वाढवा. माझ्याकडे येणारी अकरा वर्षांची एक मुलगी मागच्या महिन्यात डोकं दुखतं म्हणून आली. आई घाबरलेली, हातात सीडी. मुलगी खुर्चीत बसता बसता म्हणाली, “मॅडम, ही शंटची डोकेदुखी नाही. ती इथे मागे सुरू होते आणि मला बोलावंसं वाटत नाही. ही पुढे आहे, आणि उद्या गणिताचा पेपर आहे.” मी डोळे तपासले, चाल पाहिली, आईला विचारलं, ‘आज ही नेहमीसारखी आहे का?’ आई म्हणाली, “बडबड तर तेवढीच आहे.” स्कॅन केला नाही.